आमचा अवॉर्ड कोर्टात टिकतो!

ऑफिसात फायली साठतात तसे आमच्याकडे किस्सेही साठतात. फायलींचं एक बरं असतं. ठरावीक वर्षं झाली, आता कोणी विचारायला येणार नाही अशी खात्री पटली, की त्या रद्दीत देता येतात. किस्से कोणता रद्दीवाला घेणार? ते मग मी माहेरी सांगते, बिल्डिंगमध्ये सांगते, भाजीवालीला सांगते. परवा भिशीत एक सुरू केला तर मैत्रीण म्हणाली, "बाई गं, एकदाचे सगळे लिहून काढ, म्हणजे आम्ही सुटलो!" म्हणून हा उद्योग.

तर मी शिगवण. मूळचे आम्ही गुहागरकडचे, पण माझा जन्म आणि लग्न दोन्ही भाईंदरलाच. भाईंदर पश्चिमेला एका बँकेच्या वर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस आहे. दारावर पाटी आहे, 'द. ना. मोकल, आर्बिट्रेटर'. मोकल सर सरकारी इंजिनिअर होते. धक्के, पूल, बंधारे बांधून रिटायर झाले. रिटायर झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, हे लॉ कॉलेजला गेले! साठाव्या वर्षी एलएलबी. तेव्हापासून ते लवादाचं काम करतात आणि मी त्यांची स्टेनो, टायपिस्ट, रेकॉर्ड कीपर. ऑफिसची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे थोडीफार मालकीणही.

लवाद म्हणजे काय, हे सासूबाईंना समजावलं तसंच सांगते. दोन धंदेवाल्यांचं बिनसलं आणि कोर्टात वर्षं घालवायची नसली, तर दोघं मिळून एक तिसरा माणूस नेमतात. तो दोघांचं ऐकतो, कागद बघतो आणि निवाडा देतो. त्याला म्हणायचं अवॉर्ड. मग जो हरतो तो ठाण्याच्या कोर्टात धावतो आणि कलम चौतीसखाली अर्ज टाकतो, की हा अवॉर्ड रद्द करा. कोर्ट सगळं भांडण नव्याने ऐकत बसत नाही. ते बघतं, दोघांना सारखी संधी मिळाली का, काम नियमाने झालं का. तिथे घोळ सापडला की अवॉर्ड गेला!

कोर्टाने रेकॉर्ड मागवलं की गठ्ठे घेऊन जाण्याचं काम माझं. म्हणून दर वेळी मी ठाण्याला मागच्या बाकावर देवाचं नाव घेत बसलेली असते. ओळीने अकरा अवॉर्डना लोकांनी चॅलेंज केलं आणि अकराच्या अकरा टिकले. हे सर कोणाला सांगत नाहीत. मी सांगते. येणाऱ्याला पाणी द्यायच्या आधी सांगते!

*

सरांची एक पद्धत आहे. अवॉर्ड सांगून झाला, मी टाइप केला, की ते म्हणतात, "वाचा बाई, आणि सांगा, कोण हरलं आणि का हरलं." मी साधी बी.कॉम. मला कळलं तर हरणाऱ्याला कळेल, असा त्यांचा हिशेब. नाही कळलं तर कागद टोपलीत.

एकदा स्टीलची भांडी करणारा कारखानदार आणि पॉलिशवाला यांचं भांडण होतं. सतरा पानी अवॉर्ड. मी वाचला.

"कळलं?"

"कळलं सर."

"मग तोंड असं का?"

"बाराव्या पानावरून पंधराव्या पानावर आपण कसे आलो, तेवढं नाही कळलं."

सरांनी चष्मा लावला, पानं उचलली आणि आतल्या खोलीत गेले. तीन दिवस दार लोटलेलं. मला वाटलं, आपण फार बोललो, आता नोकरी बघायला लागणार. चौथ्या दिवशी नवा मसुदा माझ्या टेबलावर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पायरीपायरीने, एकदम लख्ख.

"सर, आता अगदी स्वच्छ कळलं!"

"कळणारच. आता दुसरा पक्ष जिंकलाय."

*

लवाद म्हणून नेमणूक झाली, की आपला कोणत्या पक्षाशी काय संबंध आहे ते आधी लेखी कळवावं लागतं. बाकीचे लोक एक ओळ लिहितात, 'माझा कोणाशीही संबंध नाही', की झालं. पण भाईंदरमध्ये असं लिहायचं म्हणजे धाडसच! इथे निम्मा गाव निम्म्या गावाच्या शाळेत होता आणि उरलेला एकमेकांच्या दुकानात.

एका बांधकाम कंत्राटदाराचा आणि नळ-पाइपवाल्या जयंतीभाईंचा वाद आला. सरांनी चार पानं कळवली. त्यातलं एक कलम असं : 'वादी कंत्राटदाराच्या काकू भाईंदरच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी मला तिसरीत छड्या मारल्या आहेत. त्याबद्दल माझ्या मनात राग नाही, असा माझा समज आहे.' दुसरं : 'प्रतिवादीच्या दुकानातून मी एकदा स्वयंपाकघराचा नळ घेतला होता. तो अजून गळत नाही.'

मी म्हटलं, "सर, नळसुद्धा?"

"संबंध आहे ना, बाई? रोज आहे."

जयंतीभाईंनी ती चार पानं शांतपणे वाचली आणि म्हणाले, "काकी के बारे में हमको कोई ऑब्जेक्शन नहीं, साहब. उन्होंने मेरे को भी मारा है."

कंत्राटदार हरला आणि कोर्टात गेला. त्याचं म्हणणं, लवादाने जयंतीभाईंशी असलेले व्यवहार लपवले! जज्जसाहेबांनी रेकॉर्ड मागितलं, मी ती चार पानं वर दिली. त्यांनी भर कोर्टात वाचायला घेतली. छड्यांपर्यंत कसंबसं निभावलं, नळाला सगळं कोर्ट हसायला लागलं. कंत्राटदाराचे वकील खाली बसले. जज्जसाहेबांनी पान उलटलं आणि हळूच विचारलं, "हे दुकान नक्की कुठे आहे?"

*

आमच्या ऑफिसात पक्षकाराचं काही खायचं-प्यायचं नाही, हा कायदा. चहा आमचा, बिस्किटं आमची, आणि दोन्ही बाजूंना सारखीच. एकाला दोन आणि दुसऱ्याला तीन बिस्किटं गेली, तर सर माझ्याकडे बघतात!

मीरा रोडचा एक फरसाणवाला होता. पॅकिंग मशीनवाल्याशी त्याचा वाद. एका सुनावणीला तो मोठा डबा घेऊन आला आणि टेबलावर मधोमध उघडून ठेवला. भावनगरी, शेव, गाठी, सगळं ताजं. सर म्हणाले, "परत न्या." तो म्हणाला, "साहेब, राहू द्या, देवाचा प्रसाद समजा." वाद नको म्हणून सुनावणी तशीच सुरू झाली. डबा तिथेच. भावनगरी माझा जीव की प्राण, पण मी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत लिहीत होते.

मशीनवाला हरला. त्याने अर्ज टाकला, की लवादाने समोरच्या पक्षाचं फरसाण घेतलं, सबब अवॉर्ड पक्षपाती. सोबत फोटो! उघडा डबा, मागे सर.

ठाण्याला जज्जसाहेबांनी त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद वाचली. नोंद सरांनी सांगितलेली, मी टाइप केलेली, आणि खाली दोन्ही वकिलांच्या सह्या. 'वादीने फरसाणाचा डबा आणला. लवादाने तो परत नेण्यास सांगितलं. वादीने नेला नाही. लवाद आणि स्टेनो यांनी काही खाल्लं नाही. प्रतिवादीच्या वकिलांनी चार वेळा घेतलं. पैकी दोनदा गाठी.'

मशीनवाला सावकाश आपल्या वकिलाकडे वळला आणि म्हणाला, "वकीलसाब, मेरे घर पे तो बोला था डाएट पे हूँ!"

*

एक छोटा सांगते. पूनम सागरकडच्या दोन दुकानदार बायका आल्या होत्या. एकीचं ब्यूटी पार्लर, दुसरीचं टेलरिंग, मध्ये सामायिक ओटा. ओट्यावरून रोज भांडण. "सर, तुम्ही सांगाल ते ऐकू."

"करार आहे का? वाद झाला तर लवादाकडे जायचं, असा?"

"करार कसला? आम्ही नुसत्याच भांडतो."

"मग आधी तो करा. कसं भांडायचं ते दोघींनी बसून लिहा आणि मग या."

दोघी आमच्याच बाहेरच्या खोलीत बसल्या. कोणी आधी बोलायचं, किती बोलायचं, नवऱ्यांना मध्ये घ्यायचं का. तीन तास! एकमेकींचं वाक्य सुधारत, माझं पाणी पीत. शेवटी छान पानभर करार झाला, दोघींनी सह्या केल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. भांडायला अजून आल्या नाहीत. दिवाळीला मात्र येतात, एकत्र.

*

अवॉर्डची सही केलेली प्रत पक्षकाराच्या स्वतःच्या हातात पडावी लागते. ती पडली की तीन महिने मोजायला सुरुवात. तेवढ्यात कोर्टात जा, नाहीतर कारण सांगून फार तर अजून एक महिना. त्यामुळे काही महाभाग प्रत घेतच नाहीत! असाच एक डेकोरेशनवाला होता. टपाल परत आलं. ऑफिसात गेले तर 'शेठ गाव गये हैं'. घरी गेले तर कुलूप, आणि आत टीव्ही चालू.

सर म्हणाले, "बाई, पक्षाच्या हातात. वॉचमनच्या नाही, भाच्याच्या नाही."

भाच्यावरून आठवलं. त्याच्याच भाच्याचं लग्न होतं, घोडबंदर रोडच्या एका लॉनवर. मी ठेवणीतली साडी काढली, गजरा माळला, पर्समध्ये पाकीट टाकलं आणि निघाले. शेठ स्टेजवर उभे, सूटबूट, शेजारी नवे व्याही. मी रांगेतून वर गेले, हात जोडले आणि पाकीट पुढे केलं. व्याह्यांसमोर पळतो कुठे? हसत हसत घेतलं, हसत हसत पोचपावतीवर सही केली. तेवढ्यात खालून व्हिडिओवाला ओरडला, "मॅडम, एक बार फिर से दो! फोकस नहीं हुआ!"

फिरसे दिलं. दोघंही कॅमेऱ्याकडे बघून हसलो. जेवले मात्र नाही. पक्षकाराचं अन्न! घरी येऊन पिठलं केलं.

पाच महिन्यांनी शेठ कोर्टात हजर. "प्रत मला मिळालीच नाही, पोचपावतीवरची सही माझी नाही." जिंकलेल्या पक्षाच्या वकिलांनी कुठून तरी लग्नाचा अल्बम पैदा केला आणि जज्जसाहेबांपुढे ठेवला. अख्ख्या पानभर फोटो : मी, शेठ आणि मधोमध खाकी पाकीट. खाली सोनेरी अक्षरांत छापलेलं, 'मावशींचा आहेर'.

*

आमच्याकडे मुंबईहून मोठे वकील आले की मला गंमत वाटते. जिन्यात भाजीवाल्यांच्या टोपल्या, वर आमची पाटी. नाकाला रुमाल लावूनच वर येतात. एका गोदामाच्या वादात असेच एक आले होते. हरले. मग ठाण्याच्या कोर्टात त्यांनी जोरदार सुरुवात केली, "एवढा मोठा कमर्शियल वाद आणि अवॉर्ड किती पानांचा? नऊ! भाईंदरला बसून नऊ पानांत निकाल! यात विचार केलेला दिसतो का?"

भाईंदर हा शब्द ते असा म्हणाले, की मला उठून उभं राहावंसं वाटलं. आमच्या गावाने यांचं काय घोडं मारलंय?

जज्जसाहेबांनी दोन्ही गोष्टी हातात घेतल्या. एका हातात आमचा अवॉर्ड, दुसऱ्या हातात यांचा दोनशे पानांचा अर्ज. म्हणाले, "हा मी काल चहा घेता घेता वाचला, पूर्ण कळला. हा गेला आठवडाभर वाचतोय. तुमची नेमकी तक्रार काय आहे?"

येताना घोडबंदर रोडला बसमध्ये गठ्ठे मांडीवर घेऊन बसले होते आणि एकटीच हसत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "घरात काही चांगलं झालं का?" म्हटलं, "अकरावं झालं!" त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

*

आता बाराव्याचं सांगते.

भाईंदरजवळच्या डोंगरी गावाच्या पुढे किनाऱ्याला एक मच्छीमार सोसायटी आहे. तिचे चेअरमन बाळा नाखवा, साठीचे, आयुष्य बोटीवर गेलेलं. सोसायटीने अख्ख्या सीझनचा बर्फ एकाच कारखान्याकडून घ्यायचा करार केला होता. कारखाना हसमुखभाईंचा. सोसायटीची तक्रार, की बर्फ खोटा आहे. नाखवा आमच्यासमोर बसून सांगत होते, "सायेब, लादी वरून कडक हाय, पन आतून पोकल. कारखान्यात पुरी गोठायच्या आधीच साच्यातून काढतान. तिसऱ्या दिवशी बोटीत पानीच पानी. मासली टिकंल कशी? पोरं आठ-आठ दिवस दर्यावर काढतान आनि येताना फेकायचा माल आनतान."

हसमुखभाई म्हणाले, "साहेब, बरफ एकदम पक्का. इनके बोट का डब्बा पुराना है, गरमी अंदर आती है. उसमें मेरा क्या?"

दोघांनी आपापले तज्ज्ञ आणले. दोघांचे रिपोर्ट जाडजूड, दोघांचे एकमेकांच्या विरुद्ध. मे महिना संपता संपता सुनावणी संपली. अवॉर्डची मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली, आता हातात जेमतेम पंधरा दिवस.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सरांनी अवॉर्ड सांगायला घेतला. मी लिहितेय. एकवीस परिच्छेद झाले. बाविसावा आला : 'मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी सहा वाजता मी स्वतः धक्क्यावर गेलो. प्रतिवादीच्या गाडीतून उतरलेली एक लादी विकत घेतली आणि फोडून पाहिली. आत पाणी होतं.'

माझं पेन थांबलं.

"सर, तिथे कोण कोण होतं?"

"मी. आणि बर्फ."

"दोघांना नोटीस?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. जो माणूस गाठी कोणी खाल्ल्या ते लिहून ठेवतो, नळ गळतो का ते कळवतो, तो माणूस पक्षकारांना न सांगता एकटाच पुरावा बघून आला होता! मग म्हणाले, "माझ्या वडिलांची होडी होती, बाई. बर्फाची लादी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आणि चाळीस वर्षं साइट बघितल्याशिवाय मी कशावर सही केलेली नाही. त्या सकाळी डोंगरीच्या बसमध्ये कसा बसलो ते बसल्यावर कळलं."

आता दोघांना घेऊन पुन्हा जावं, तर पावसाळ्यामुळे बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, मासेमारी बंद, कारखान्याला कुलूप. मुदत आठवड्यावर. मी म्हटलं, "सर, हा परिच्छेद काढू या. उरलेल्या कागदांवरूनही निकाल तोच येतोय. कोणाला कळणार आहे?"

"मी गेलो होतो ना?"

"होता."

"निकाल देताना ते पाणी माझ्या डोळ्यांसमोर आहे ना?"

"सर, अवॉर्ड जाईल! अकरा टिकलेत."

"बावीस वाचून दाखवा, बाई. स्वल्पविराम बघायचाय."

मला इतका राग आला म्हणून सांगू! त्या दिवशी कीबोर्ड मी असा बडवला, की खालच्या बँकेत ऐकू गेला असेल. आणि आता लिहायलाच बसलेय तर कबूलही करते. सहीसाठी सरांपुढे जी प्रत ठेवली, त्यात मी बावीस गाळला होता. एकवीसनंतर सरळ पुढचं, नंबर नीट बदलून. सरांनी शेवटपर्यंत वाचली. पेनाचं टोपण उघडलं. परत लावलं. कागद माझ्याकडे सरकवले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "एक राहिलाय."

मी टाइप केला. सही झाली. सोसायटी जिंकली.

हसमुखभाई कोर्टात गेले. तारीख लागली ती दुसऱ्या वर्षीच्या थंडीत. सर घरीच थांबले, लवादाने कोर्टात जायचं नसतं. मी गठ्ठे घेऊन गेले. जज्जसाहेबांनी बावीस वाचला, पुन्हा वाचला आणि हसमुखभाईंच्या वकिलांना विचारलं, "लवाद एकटे गेले होते, हे तुम्हाला कळलं कसं?"

"अवॉर्डमधूनच, सर."

"दुसरं कोणी बघितलं होतं? काही पुरावा?"

"नाही सर. त्यांनी लिहिलंय तेवढंच."

जज्जसाहेबांनी ते पान तिसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी निकाल सांगितला. प्रतिवादीला न कळवता पुरावा बघितला, त्यावर बोलायची संधी दिली नाही, म्हणून अवॉर्ड रद्द.

रद्द! अकरा वेळा मी त्या बाकावर हा शब्द ऐकायला लागू नये म्हणून देवाचं नाव घेतलं होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, गठ्ठ्यांमागे तोंड लपवून बसले. सरांचा राग आला, स्वतःचा आला, आणि खरं सांगायचं तर ऊरही भरून आला. सगळं एकदमच. माझे सर असे आहेत, हे त्या कोर्टात ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि सांगायची गरजही नव्हती.

जज्जसाहेब पुढे म्हणाले, "वाद अजून शिल्लकच आहे. पुन्हा लवादाकडेच जायचं असेल, तर दोन्ही बाजूंनी सहमतीने नाव द्या, इथेच नोंद करतो." दोन्ही वकील कुजबुजायला लागले. एकाने कुठल्याशा निवृत्त जज्जांचं नाव काढलं, दुसऱ्याने मान हलवली.

मागून हसमुखभाई उठले. "साहब, वही मोकल साहब."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "अहो, त्यांचाच अवॉर्ड आत्ता रद्द करून घेतलात ना तुम्ही?"

"हां साहब. इसीलिए."

पलीकडून बाळा नाखवा उभे राहिले. जिंकलेला अवॉर्ड हातातून गेलेला माणूस! टोपी काढून म्हणाले, "आमचाबी तेच म्हननं हाय, सायेब. दुसरा कोन नको."

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन सरांना फोन लावला.

"सर, रद्द झाला."

"होणारच होता. तुम्ही जेवलात का?"

"सर, दोघांनी मिळून परत तुम्हालाच नेमलंय. कोर्टात सह्या झाल्या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाई, कागद-पेन आहे का? नोटीस लिहून घ्या."

मी गठ्ठे पायरीवर ठेवले आणि गुडघ्यावर वही धरून लिहून घेतलं :

'पहिली बैठक सोमवारी सकाळी सहा वाजता धक्क्यावर. दोन्ही पक्षांनी हजर राहावं. लादी दोघांनी मिळून निवडावी. हातोडा लवाद स्वतः आणील.'